स्ट्रीट एकवीसचं भूत

"दरवेळी चौकीदारच कावून असते?" केवलरामांनी विचारलं.

टीव्हीवर भुताच्या तोंडावरचा मुखवटा नुकताच ओढला गेला होता. आतून पांढऱ्या मिशांचा एक घाबरलेला म्हातारा निघाला, आणि तिघं मित्र नि त्यांची बोलकी बकरी त्याच्याभोवती उभं राहून हसत होती.

"त्याले हवेलीत कोणी यायला नको असते ना, आबा," आठ वर्षांची टीना म्हणाली. "म्हणून तो चादर घालून फिरते. सबको डराता है."

"अन् हवेली कोणी सांभाळली? चाळीस साल झाडू कोणी मारला? हे पोट्टे आज आले अन् त्यालेच पकडून देऊन राहिले."

"आबा हमेशा विलन की साइड लेते हैं," शेजारचा भूपेंद्र मृणालला म्हणाला. मृणालनं मान हलवली. तिचा डोळा बिस्किटांच्या ताटलीवर होता.

"विलन नाही रे तो. रिटायर झालेला मानूस आहे."

स्वयंपाकघरात टीनाची आई अपेक्षा कणीक मळत होती. तिला हसू आलं. बाबा पूर्ण वाक्यं बोलत ते पाच ते साडेपाच, या कार्टूनपुरती. आई जाऊन दोन महिने झाले होते. बाकीचा दिवस 'हौ' आणि 'नाही'वर भागत असे.

"आबा, खराखुरा भूत आहे, सच्ची," टीना एकदम म्हणाली. "स्ट्रीट एकवीसमध्ये. तुमच्याच जुन्या क्वार्टरात. मृणालनं दोनदा पाह्यलं, खिडकीतून उजेड दिसते. घर तर खाली आहे."

बाहेरच्या खोलीत जाहिरात लागली.

"तिकडं जाऊ नका," केवलराम म्हणाले. "रिकाम्या घरात साप राहतात." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "मी जरा फिरून येतो, अपेक्षा."

अपेक्षाचे हात परातीत थांबले. तेलाची बरणी या आठवड्यात लवकर संपत आली होती. देवाजवळची वातींची पुडीही निम्मी झाली होती. तिला वाटलं होतं, आपलंच लक्ष नाही. गेले काही दिवस बाबा रोज कार्टून संपलं की फिरायला जात आणि सातला परत येत. पिशवी घेऊन जात, आणि पिशवी रिकामी घेऊन येत. तिनं काही विचारलं नाही. या घरात विचारायचं काम आईचं होतं.

छत्तीस वर्षं केवलराम प्लांटच्या टाउनशिपच्या पाणीपुरवठ्यात पंप मेकॅनिक होते. सकाळी सहाला नळाला पाणी आलं की त्यांची बायको सत्यशीला लहानग्या अपेक्षाला उठवायची, "ऊठ वो, तुह्या बाबानं पाणी पाठवलं." कुठल्याही पंपाचं बेअरिंग ते नुसत्या आवाजावरून ओळखत. घरातली एक गोष्ट मात्र त्यांनी कधी दुरुस्त केली नाही, मागच्या दाराची कडी. बाहेरून दार जरा वर उचललं की ती आपोआप सुटायची. सत्यशीला वर्षानुवर्षं मागे लागली. "साऱ्या सेक्टरचे पंप चालवता, अन् माही कडी?" ते म्हणत, "राहू दे ना. तू झोपली असली तर मी नाइटवरून येतो कसा? तुले उठवायचं काय?"

जुलैत ते निवृत्त झाले. प्लांटचं क्वार्टर जानेवारीअखेर सोडायचं होतं. तेवीस जानेवारीला सत्यशीला स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत दुपारची झोपली ती उठलीच नाही. जिथं जीव गेला तिथं तेरा दिवस दिवा ठेवायचा, आणि शेवटच्या रात्री दिव्याभोवती पीठ पसरायचं. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल, त्या योनीत मेलेल्या माणसाचा पुढचा जन्म झाला असं समजायचं. भंडाऱ्याकडून आलेल्या त्यांच्या घराण्यात हे कोणी चुकवलं नव्हतं.

एकतीस तारीख आली तेव्हा आठच दिवस झाले होते. टाउनशिपच्या ऑफिसातले बाबू स्वतःहून म्हणाले, "केवलराम भाऊ, एक अर्जी लिखो, महिना मिल जाएगा." अपेक्षानंही सांगून पाहिलं.

"तारीख म्हणजे तारीख," ते म्हणाले होते. "मी आजवर शिफ्टले पाच मिनिट लेट गेलो नाही."

आणि किल्ल्यांचा जुडगा बाबूंच्या हवाली करून, हाताचा आडोसा धरून, पेटता दिवा घेऊन ते स्ट्रीट एकवीसवरून स्ट्रीट चोवीसपर्यंत चालत आले होते, लेकीच्या क्वार्टरात. उरलेले पाच दिवस दिवा इथं जळला. तेराव्याच्या सकाळी पीठ कोरंच्या कोरं होतं. बाबा त्या पिठाकडे बराच वेळ पाहत बसले होते, हे अपेक्षाला आता आठवलं.

मार्चची शेवटची तारीख. बाबा सातला परत आले, हातपाय धुऊन बसले. टीना मात्र आली नव्हती. मृणालच्या घरी विचारलं तर मृणालही नव्हती, आणि भूपेंद्रच्या आईला वाटत होतं की सगळी अपेक्षाकडेच आहेत.

अपेक्षा कोणाला न सांगता सरळ स्ट्रीट एकवीसला गेली.

मागच्या गल्लीत, बुटक्या भिंतीपाशी भूपेंद्र टॉर्च घेऊन उभा होता. मृणाल त्याचा शर्ट धरून होती. आत, अपेक्षाच्या जन्मापासूनच्या त्या खोलीच्या खिडकीत, पिवळा उजेड थरथरत होता.

"टीना कुठं आहे?"

"अंदर," भूपेंद्र कुजबुजला. "आंटी, उसने बोला कि दरवाजा उठाओ तो खुल जाता है. नानी ने बताया था."

अपेक्षा भिंतीवरून पाय टाकणार, तेवढ्यात दार उचलल्याचा तो ओळखीचा आवाज झाला आणि टीना बाहेर आली. चपला हातात. एका पायाची बोटं पांढरी.

"कौन था?" भूपेंद्रनं विचारलं.

टीनानं आईकडे पाहिलं, मग मित्रांकडे.

"चौकीदार," ती म्हणाली. "नया वाला. सो रहा है. शोर मत करो."

"बस?" भूपेंद्रचा हिरमोड झाला. "चादर नहीं थी?"

"थी. ओढ के सोया है."

दोघं आपापल्या घरी गेल्यावर मायलेकी चालत निघाल्या. टीना अजून अनवाणीच होती.

"चपला कावून काढल्या?"

"दिवा होता ना." थोडं चालून ती म्हणाली, "आजीचा फोटो आहे तिथं. दवाखान्याच्या मेडिकल बुकातला छोटावाला. अन् आबाचा गमछा, घडी करून. मी हात नाही लावला कशाले. फोटोच पाहत होती, पीठ दिसलं नाही, पाय पडला." मग विचारलं, "आबाले पकडतील काय?"

"नाही."

"मी सांगणार नाही."

"नको सांगू," अपेक्षा म्हणाली. घराच्या पायरीवर बसवून तिनं पदरानं लेकीचा पाय पुसला. टीनाच्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. जन्मली तेव्हा सत्यशीलानं बाळाचं पाऊल उलटं करून सगळ्या बायकांना दाखवलं होतं, "पाहा, माह्या वळणाचा पाय."

रात्री अपेक्षाच्या मनात आलं, आत्ताच जावं आणि पीठ सारखं करून यावं. दोन मिनिटांचं काम होतं. ती गेली नाही.

पहाटे, नळाला पाणी यायच्या वेळी, बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. सदरा घातलेला, हातात जुनी टूल बॅग.

"तू चालतं काय माह्यासंग? एकट्यानं पाहू नये म्हणतात."

तिनं चपला घातल्या. तेच चालता चालता बोलले, रस्त्याकडे पाहत.

"त्या दिवशी आणताना दिवा विझला होता. शाळेच्या भिंतीजवळ, वळणावर. मी काडी ओढून पुन्हा लावला. तुमाले सांगितलं नाही." वळण ओलांडल्यावर, "मग ते तिले कसं लागू होईन? तिचा जीव त्या खोलीत गेला, अन् दिवा भलतीकडे. पाच दिवस राहिले होते. आज नवीन मानूस येऊन राहिला क्वार्टरात, अकरा वाजता. म्हणून हे पाच दिवस."

"मले सांगायचं ना, बाबा."

"का सांगू? अर्ज देत नव्हतो तर मीच." ते मागच्या दारापाशी आले. "तिच्यासाठी एक कागद नाही लिहिला मी."

त्यांनी दार वर उचललं. कडी सुटली.

खोली झाडलेली होती. जमिनीवर परातीएवढं पीठ, मध्ये विझत आलेला दिवा, भिंतीला टेकवलेला आईचा फोटो. केवलराम गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

पिठात एक लहान पाऊल होतं. टाच पुसट, बोटं स्पष्ट. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

हा माणूस कार्टूनमधला चोर दरवेळी पहिल्या पाच मिनिटांत ओळखायचा. अपेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्यावरून तिला काही कळलं नाही.

"मानसाचाच जन्म," ते म्हणाले. "पोरगी आहे."

"हौ, बाबा."

"करंगळी पाह्यली?"

"पाह्यली."

"चांगल्या घरी आहे मग," ते म्हणाले.

त्यांनी पीठ तळहातानं एका कागदावर गोळा केलं, शिवनाथ नदीत सोडायला म्हणून पुडी बांधून खिशात ठेवली. फोटो मेडिकल बुकात परत ठेवला. अपेक्षानं जमीन ओल्या फडक्यानं पुसली. बाहेर, अंगणातल्या नळाला पाणी आलं, आधी नुसती हवा, मग खळखळून. दोघांनीही ते ऐकलं.

मग बाहेर येऊन त्यांनी टूल बॅग उघडली. कडीचे जुने स्क्रू काढले, तिची जागा बोटभर खाली घेतली, नवे स्क्रू पिळून बसवले. दहा मिनिटंही लागली नाहीत. आतून कडी लावून ते पुढच्या दारानं फिरून आले. पुढचं दार ओढून घेतलं की आपसूक लागत असे.

मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी ते वर उचलून पाहिलं. मग आणखी एकदा, जोर लावून.

दार उघडलं नाही.