पुलावरचा वारा

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, नऊ मैलांच्या छोट्या रेल्वेफाट्यावर, गाडी पुलाअलीकडेच थांबली. गार्ड कॉन्डी म्हणाला, “या वाऱ्यात डबे उलटतील, बाई. गाडी हलणार नाही.”

“पलीकडे ऊनाला पहाटेपासून कळा येताहेत. तिचं बाळ वारा पडेपर्यंत थांबेल होय रे?” असं म्हणून सोरका दाई उतरली.

रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवर गुडघे टेकून ती पूल ओलांडू लागली. फटींतून खाली फेसाळती नदी दिसत होती. मध्यावर वाऱ्याने तिची शाल ओढून नेली. ती रुळाला मिठी मारून मोठ्याने रडली. मागे फिरणंही तितकंच लांब होतं. शेवटी डोळे मिटून ती इंचाइंचाने पुढे सरकली.

ऊनाला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, पण सोरका चार दिवस त्या पुलाकडे फिरकली नाही.