मधले फर्मे

“थांब, वाचू नकोस. पुढची दोन पानं कोरी ना? मग मी सांगते,” म्हातारी म्हणाली आणि तिनं उशीवर डोकं जरा वर सरकवून घेतलं. “डॉक्टरनं प्रेतावरची चादर काढली. खाली त्याचीच बायको.”

सून खिडकीच्या उजेडात मांडीवर कागद पसरून बसली होती. उद्या बघून सांगते, म्हणाली.

“बघायचं काय त्यात? बायकोच आहे. चादर किती हळूच काढली त्यानं, आत्ताच तू वाचलंस. नवरा इतका हळुवार वागायला लागला की समजावं, काहीतरी करून बसलाय.”

दुसऱ्या दिवशी कामावर सुनेनं ती दोन पानं बघितली. चादरीखाली बायको नव्हती, डॉक्टर स्वतःच होता. संध्याकाळी हे कळल्यावर म्हातारी आधी लेखकावर उखडली आणि मग बराच वेळ गालातल्या गालात हसत राहिली. हरल्याचा आनंद तिला आयुष्यात याच एका बाबतीत व्हायचा.

सून एका छापखान्यात घडी घालायच्या कामावर होती. छापून आलेल्या मोठ्या कागदावर पानं कशीही पसरलेली असतात, काही सुलटी, काही डोक्यावर उभी. कागद जिथल्या तिथं दुमडला की ती ओळीनं लागतात. अशा घडीला फर्मा म्हणतात, आणि फर्म्यावर फर्मा ठेवून शिवलं की पुस्तक होतं. मशीन सुरू करताना शाईचा अंदाज घ्यायला काही कागद एकाच बाजूनं छापतात आणि कोपऱ्यात फेकून देतात. ते कागद सून घरी आणायची. घडी घातली की एक पान छापलेलं, पुढची दोन कोरी, मग दोन छापलेली, परत दोन कोरी. छापलेलं सून वाचायची, कोरं म्हातारी तोंडानं भरायची. कोणाचा अंदाज खरा, याचा निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

छापखान्यात सगळंच छापलं जायचं, पण म्हातारीला चालायची ती काळी पुस्तकं. भुतं, खून, बंद घरं, मेल्यावरही नोकरीवर जाणारी माणसं. सुनेनं एकदा हौसेनं एका प्रेमकथेचे कागद आणले होते. म्हातारीनं तीन-चार पानं सोसली आणि विचारलं, यात मरतं कोण? कोणी नाही म्हटल्यावर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोघींचं एकमेकींशी कधी पटलं नव्हतं. मुलगा कामासाठी परगावी गेला तो तिकडचाच झाला, तिथं त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं, तेव्हा म्हातारीनं सगळं खापर सुनेच्या डोक्यावर फोडलं. तुला नवरा धरून ठेवता आला नाही, म्हणाली. सुनेनंही ऐकून घेतलं नाही. मी निदान चार वर्षं धरून ठेवला, तुमच्याजवळ तर तो जन्मापासून होता, म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस दोघी एका खोलीत मुक्यानं वावरल्या. पण जायला दुसरी जागा ना हिला होती ना तिला.

मग काचबिंदूनं म्हातारीचे डोळे गेले. उभा जन्म तिनं वाचनात काढलेला, आणि घरात दुसरं माणूस एकच, तेही निरक्षर. सुनेला तोवर अक्षर म्हणजे कागदाची सुलटी बाजू ओळखायची खूण, एवढंच ठाऊक. म्हातारीनं तिला शिकवायला घेतलं ते मायेपोटी नव्हे. आपली सोय लावायला. सुनेचा तळहात ओढून घेऊन त्यावर ती बोटानं अक्षरं काढायची. लोक सोप्यापासून सुरुवात करतात. हिनं सुरुवात केली ‘प्रेत’ या शब्दापासून, कारण अडायचं तर इथंच अडशील, म्हणाली. पस्तिशी ओलांडलेल्या सुनेनं वाचलेला पहिला शब्द प्रेत, दुसरा गळा, तिसरा सावली. घरातलं बोलणं परत सुरू झालं ते असं, मेलेल्या माणसांवरून.

डॉक्टरचं पुस्तक संपलं तेव्हा शेवटच्या पानावर पुढच्या पुस्तकाची जाहिरात होती. बिनदाराची खोली. खाली काळ्या भिंतीचं चित्र, आणि दोन ओळी: त्या घरात एक खोली होती, जिला दारच नव्हतं. रोज तिन्हीसांजेला आतून ताटं मांडल्याचा आवाज येई.

म्हातारीनं त्या दोन ओळी तीनदा वाचून घेतल्या. मग म्हणाली, हे पुस्तक मला हवं.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. सून पाणी भरतेय, म्हातारी विचारतेय, ताटं किती असतील? सून केस विंचरून देतेय, म्हातारी सांगतेय, आत त्या घराची थोरली सून आहे, जिवंत चिणलेली. पुढच्या दिवशी सून रद्द, आत सासू. त्याच्या पुढच्या दिवशी आत कोणी माणूस नाही, आत दुसरं घरच आहे आणि तिकडच्यांना वाटतं की दार यांच्या खोलीला नाही. सुनेला हा तर्क फार आवडला. तिनं लेखकाच्या आधी तुम्हीच लिहून टाका म्हटलं. तेव्हा म्हातारी गंभीरपणे म्हणाली, आपण ठरवलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही गं. दुसऱ्यानं ठरवावी लागते.

आणि मग तिच्या पायांवर सूज चढली. डॉक्टर घरी येऊन गेले. खरा डॉक्टर, तरुण, घाईतला. बाहेर जिन्यापाशी त्यांनी सुनेला सांगितलं की मूत्रपिंडं थकली आहेत, या वयात फार काही करण्यात अर्थ नाही, खायला मागतील ते द्या. आत आल्यावर म्हातारीनं विचारलं, काय म्हणाला? सून म्हणाली, हवा पालटली की बरं वाटेल. म्हातारी म्हणाली, “पुस्तकातले डॉक्टर तुझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलतात.” थोड्या वेळानं म्हणाली, खोली उघडली की मग मी जायला मोकळी, तोवर कोणाच्या हाकेला ओ देणार नाही.

सून मशीनवाल्याच्या मागे लागली. बिनदाराची खोली मशीनवर कधी चढणार? मशीनवाला हातावरची शाई पुसत म्हणाला की परीक्षा तोंडावर आल्यात, आता शाळेची सरावाची पुस्तकं. भुतं सुट्टीत. सून रोज जाऊन उभी राहायची. कामावरच्या बायका तिला हसायच्या, म्हणायच्या, लोक सासू जावी म्हणून धडपडतात आणि ही तिच्यासाठी भूत शोधत फिरतेय. तीही हसायची. घरी गेल्यावर म्हातारीचे पाय दाबताना बोट आत रुतायचं आणि तो खड्डा भरून यायला वेळ लागायचा. तेव्हा हसू कुठल्या कुठं जायचं.

शेवटी मशीनवाल्याला दया आली असावी, किंवा तो कटकटीला कंटाळला असावा. शाळेच्या पुस्तकाचा कागद येईपर्यंत मशीन रिकामं होतं तेवढ्यात त्यानं एक फर्मा चढवला. एकच. बाकीचे सुट्टीतच, म्हणाला, परत विचारू नकोस.

सुनेनं कागद हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं. पुस्तकाच्या पानांची गणितं नेमकी बसत नाहीत, म्हणून सुरुवातीची थोडी आणि शेवटची थोडी पानं एकाच कागदावर घेतात, मग मधून कापून वेगळी करतात. हा तो कागद होता. डावीकडे पुस्तक सुरू होत होतं, उजवीकडे संपत होतं. मधलं सगळं अजून छापायचं होतं.

तिनं घडी घालताना शेवटची पानं वाचली. दोन्ही बाजू. वाचून झाल्यावर तिनं तीच पानं परत उलटून बघितली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, घाबरलीस की काय? ती नाही म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखा एकाच बाजूनं छापलेला कागद घरी आणला, दोन्ही भागांच्या घड्या घातल्या आणि म्हातारीला फक्त सुरुवात वाचून दाखवली. नवं जोडपं त्या घरात राहायला येतं, बायको भिंती मोजते, हिशेब लागत नाही, मग तिन्हीसांजेला ताटांचा आवाज. पहिलं कोरं पान आलं. सून थांबली. म्हातारी काही बोलली नाही. तिला ग्लानी आली असेल म्हणून सुनेनं हाक मारली.

“ऐकतेय. पुढं वाच,” म्हातारी म्हणाली.

“कोरं आहे आई. तुम्ही सांगायचं.”

“तूच सांग. तुला जमतं आता.”

सुनेनं काहीतरी सांगितलं. म्हातारीनं ते खोडलं नाही, हसली नाही.

कागद संपला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. म्हातारी म्हणाली, “शेवट आणलायस ना? घडी घातल्याचा आवाज दोनदा आला मला.”

शेवट आधी सांगायचा नाही, हा म्हातारीचा कायदा होता. पूर्वी एकदा सुनेच्या तोंडून खुन्याचं नाव निसटलं होतं, तेव्हा म्हातारीनं दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. आणि आता तीच विचारत होती. म्हणजे मधलं ऐकायला मिळेल याची आशा तिनं सोडली होती.

“आत कोण आहे?” म्हातारीनं विचारलं.

सुनेला खोटं सांगता आलं असतं. थोरली सून, चिणलेली सासू, पलीकडचं घर, सगळं म्हातारीनंच तयार करून ठेवलं होतं, त्यातलं एक उचलायचा अवकाश. पण या बाईनं तिला कधीही खोटा निकाल सांगू दिला नव्हता.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “भिंत फोडतात. आत खोली आहे, रिकामी. धूळसुद्धा नाही.”

म्हातारीनं विझलेले डोळे छताकडे लावले. इतक्या महिन्यांचे तर्क तिनं एकेक करून आतल्या आत मोडले असतील. सुनेला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

“मग ताटं कोण मांडतं?” म्हातारी म्हणाली.

ते शेवटच्या पानांत नव्हतं. सुनेनं पटकन सांगितलं की ते मधल्या फर्म्यांत असणार, सुट्टीत छापतील.

“असणारच. रिकाम्या खोलीतून आवाज यायचा म्हणजे मध्ये मोठं काहीतरी घडलेलं असणार.” म्हातारीच्या आवाजाला किंचित धार आली. “म्हणजे थांबावं लागणार मेलं.”

आणि ती खरंच थांबली. चमचाभर दूध घ्यायची, औषधाला तोंड वेंगाडायची पण गिळायची. दिवसा बघायला येणाऱ्या शेजारच्या घरातल्या बाईला मध्येच विचारायची, शाळांना सुट्टी लागली का? बाई सुनेला म्हणाली, म्हातारी भ्रमिष्ट झाली बघ, पोरं आठवताहेत तिला.

शाळांची शेवटची पुस्तकं शिलाईला गेली त्या आठवड्यात, दुपारी, सून गणिताच्या पुस्तकाची थप्पी सरळ करत असताना तिला खाली बोलावणं आलं. घरून निरोप होता. ती पोचली तेव्हा शेजारच्या बाईनं चादर वरपर्यंत ओढून ठेवली होती. शेवटी काही बोलल्या का, असं सुनेनं विचारलं. बाई म्हणाली, काही नाही, तू कधी येणार एवढं विचारत होत्या. मुलाला कळवलं होतं. तो आला नाही.

मधले फर्मे सुट्टीत आले. मशीनवाल्यानं स्वतः वर आणून दिले आणि तो खाली गेला. सुनेनं ते पहिल्यापासून ओळीनं वाचले, दोन्ही बाजूंनी, एकही पान न गाळता. आता कोणासाठी कोरी जागा सोडायची नव्हती. भिंती मोजणं होतं, नवऱ्यावरचा संशय होता, एक वेडी आत्या होती, मधेच एक खून होता जो नसता तरी चाललं असतं. ताटांचा आवाज चारपाच ठिकाणी येत होता. ती ताटं कोण मांडतं, हे कुठंच नव्हतं. तिला वाटलं आपल्याकडून पान सुटलं. तिनं परत सुरुवातीपासून बघितलं, पानाच्या एकेका आकड्यावर बोट ठेवून. पानं सगळी होती. लेखक सांगायचं विसरला होता, किंवा त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, “मिळालं एकदाचं तुझं भूत. गोष्ट कशी आहे गं?”

“बरी आहे.”

“बरी म्हणजे?”

सुनेनं जरा विचार केला. “आई भांडल्या असत्या त्या लेखकाशी,” ती म्हणाली.

मग तिनं फर्मे एकावर एक रचले, गठ्ठा उभा धरून टेबलावर ठोकला, पुन्हा फिरवून ठोकला, कडा एका रेषेत आल्या तशी तो शिलाईकडे सरकवला आणि पुढचा कागद ओढून घेतला. त्याच पुस्तकाच्या अजून बऱ्याच प्रती व्हायच्या होत्या.