हप्ता नसलेला मंगळवार

“मावशी, हे कशाचे?” इंद्रजीतनं विचारलं.

केसरबाईंनी पदराची गाठ सोडून आठशे चाळीस रुपये सतरंजीवर ठेवले होते. “कशाचे म्हंजी? हप्त्याचे.”

“तुमचं कर्ज मागच्या मंगळवारीच संपलं की!”

पुंडलिकनगरात सुलेखाच्या ओट्यावर बसलेल्या कर्जगटातल्या बाया अशा हसल्या की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर डोकावला. केसरबाईंना आधी लाज वाटली, मग त्याच सगळ्यांत मोठ्यानं हसायला लागल्या. नऊ वर्षं दर मंगळवारी साडेनऊला, दोन घरच्या पोळ्या उरकून, तिसऱ्या घरी पळायच्या आधी त्या इथं येऊन बसत. पाय आपोआप वळले, त्यात त्यांचा काय दोष? पहिलं कर्ज नवऱ्याच्या पायाच्या ऑपरेशनचं, दुसरं लेकीच्या, मेघाच्या, नर्सिंगचं आणि तिसरं दुसरं फेडायला. एकही हप्ता चुकवला नव्हता. हे भल्याभल्या पगारदारांना जमत नाही.

“मोकळी झालीस ना बाई,” सुलेखा डोळे पुसत म्हणाली. “मंग आमची तोंडं बघायला आलीस व्हय?”

कर्ज देणाऱ्या कंपनीकडून वसुलीला येणारा इंद्रजीत पोरगा हुशार. त्यानं लगेच बॅगेतून नव्या कर्जाचा फॉर्म काढला. “आल्याच आहात तर सही करून जा, मावशी. तुमच्यासारखं रेकॉर्ड कुणाचंच नाही. ऐंशी हजार, परवा खात्यात.”

ऐंशी हजार! केसरबाईंच्या डोळ्यांपुढं घरावरचे पत्रे आले. उन्हाळ्यात त्या पत्र्यांखाली माणूस नुसता भाजून निघतो. स्लॅब टाकता आला तर? मागच्या आठवड्यात नवरा, रामकिसन, म्हणाला होता, “मिळतंय तं घेऊन टाक. हप्त्याची सवय हायेच आपल्याला.” तेव्हा त्यांनाही ते पटलं होतं. त्यांनी पेन हातात घेतलं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली करुणा हळूच म्हणाली, “साहेब, माझ्यात तीनशे कमी हायेत.”

झालं! गटाचा नियम असा की सगळ्यांचे पैसे जमल्याशिवाय कुणीच उठायचं नाही, आणि एकीचे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे. सगळ्या करुणावर तुटून पडल्या. “दर वेळी तुझंच कसं गं?” “आमी कुठून भरायचं?”

केसरबाईंचंही तोंड उघडलं. अशा वेळी सगळ्यांत चढा आवाज त्यांचाच असायचा. मागं एकदा याच ओट्यावर त्यांनी करुणाला सुनावलं होतं, “कानातलं मोड, पण पैसे आण.” आज त्यांच्या लक्षात आलं की हे तीनशे आपल्याला भरायचे नाहीत. मग ओरडायचं कशाला? त्या करुणाकडं नुसत्या बघत राहिल्या. पोरीच्या दोन्ही कानांत भोकं बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या होत्या. कधीपासून होत्या कोण जाणे. केसरबाईंना स्वतःचा भारी राग आला.

त्यांनी आपल्या पैशांतल्या शंभराच्या तीन नोटा उचलून करुणाच्या पैशांवर ठेवल्या.

“मावशी, तुम्हाला आता भरायचं बंधन नाही,” इंद्रजीत म्हणाला.

“म्हणूनच तर देते.”

मग केसरबाईंनी पेन बंद करून फॉर्मवर ठेवलं आणि फॉर्म इंद्रजीतकडं सरकवला. “ह्यो ठेव बाबा तुझ्यापाशीच.”

“आन् स्लॅब?” सुलेखानं विचारलं.

“पत्र्याखाली इतकी वर्सं काढली, आनखी काढू. दर मंगळवारी कुनावर तरी खेकसायचं, ते आता नको बाई. आज लई हलकं वाटायलंय.” आणि खरंच, मेघा नर्स झाली त्या दिवशी वाटलं होतं तेवढंच बरं त्यांना आज वाटत होतं.

उरलेले पैसे पदरात बांधून त्या उठल्या. बाकीच्यांच्या पावत्या अजून व्हायच्या होत्या. करुणा त्यांच्या मागं पायरीपर्यंत आली.

“काकू, कधी देऊ परत?”

“जमल तवा दे गं,” केसरबाई चपला पायात सरकवत म्हणाल्या. “फकस्त मंगळवारी साडेनऊला येऊ नको. तवा मी दारात पाय पसरून च्या पीत बसणार हाय.”