पुसलेली चावी

“चावी हेंच्याच खिशात रवाक व्हयी,” सरस्वतीमामी म्हणाल्या. “ती फिराक पण व्हयी. फकत गाडी चालू जावक नको. असा काय करूक येता तुका?”

सगुण वायर सोलत होता. त्याचा हात थांबला. डिचोलीच्या बसस्टँडमागच्या त्याच्या दुकानात लोक यायचे ते नेमकं उलटं मागायला. कुणाची चावी मांद्र्याच्या समुद्रात गेलेली, कुणाची काजूच्या बागायतीत पडलेली, आणि प्रत्येकाला गाडी चालू करून हवी असायची. चांगली चालणारी गाडी बंद करून मागणारं माणूस आज पहिल्यांदा आलं होतं.

“मामांच्या खिशात?” त्यानं विचारलं.

मामींनी मान हलवली. त्याने पुढे केलेल्या स्टुलावर त्या बसल्या नाहीत. लाटंबार्स्याहून बसने आल्या होत्या आणि पुढच्याच बसने परत जायचं होतं. नवऱ्याजवळ शेजारच्या शेवंतीला बसवून आल्या होत्या. बोलता बोलता त्यांची नजर सारखी रस्त्याकडे जात होती.

कृष्णनाथमामांना सगुण लहानपणापासून नाही, पण कामाला लागल्यापासून ओळखत होता. दोडामार्गाकडचा हा माणूस तरुणपणी खाणीवर कामाला आला आणि इथलाच झाला. पाळीच्या खाणीतून जेटीपर्यंत खनिजाचा ट्रक चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सगुण तेव्हा ट्रकांचं वायरिंग करायचा. इतर ड्रायव्हर गाडी टाकून चहाला जायचे, मामा मात्र काम होईपर्यंत बाजूला उभे राहायचे. आपल्या माणसाला डॉक्टर तपासत असताना नातेवाईक उभे राहतात तसे. मग खाणी बंद पडल्या. ट्रक रांगेने गंजत उभे राहिले. सगुणचं वायरिंगचं कामही त्यांच्याबरोबर थांबलं, तेव्हा त्याने एक जुनं मशीन घेतलं आणि नव्या गाड्यांच्या चाव्यांचं काम शिकून घेतलं. मामांचा ट्रक भंगारात गेला. बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाने, सिद्धेशने, त्यांना एक लहान पांढरी गाडी घेऊन दिली. पुढचं सगुणला माहीत नव्हतं. ते आज मामी सांगत होत्या.

“पयले नावां इसारले. मगे रस्ते. एकदा वास्कोसून पोलिसांचो फोन इलो. हे थय बंदराच्या गेटीर. कित्याक गेले तेंकाच ठावक नाय. मगे पाळयेक. खाणीच्या बंद गेटीसमोर गाडी लावन बसले, म्हणतत लोडिंगचो नंबर येवचो आसा.” त्या थांबल्या. “आणि गेल्या आठवड्यात अस्नोड्याच्या पुलार. उलटे बाजून. शाळेची पोरां चलत होती, सगुण. कदंबाच्या डायवरान बस आडवी घातल्यान म्हणान वाचली.”

“चावी लपवन ठेवची.”

“ठेवली होती. हेंनी सगळा घर उलटापालटा केल्यानी. शेवंतीच्या दारात जावन सांगल्यानी, माझ्या बायकोन चोरी केल्यान. आणि मगे रडले.” हे शेवटचं वाक्य त्यांनी इतकं हळू म्हटलं की बाहेरच्या रिक्षाच्या आवाजात ते बुडालं, तरी सगुणला कळलं.

“गाडी इकून टाकली तर?”

“सिद्धेश तसाच म्हणता. पण सकाळी उठान हे गाडी पुसतत. तेच्यासाठीच उठतत. दारातली गाडी गेली तर कित्याक उठतले?”

सगुणने त्यांना समजावून सांगितलं. चावीच्या मुठीत एक बारीक चिप असते. ती गाडीला तिची खूण सांगते आणि खूण पटली तरच इंजिन पेट घेतं. गाडीच्या आठवणीतल्या सगळ्या चाव्या पुसून टाकायच्या आणि घरी कपाटात ठेवलेली दुसरी चावी तेवढी पुन्हा शिकवायची. “मामांची चावी दार उघडतली, फिरतली पण. इंजिन घुरघुरतला, पण पेटाचा नाय.”

“तेंका कळात?”

“नाय कळाचा,” सगुण म्हणाला.

मामी गेल्या. पण त्या दिवशी त्याचं कामात लक्ष लागेना. एका जीपचा हॉर्न जोडायला घेतला आणि वायपर सुरू झाला. जेवायला घरी गेला, अर्ध्यावरून उठला. बायकोने विचारलं, काय झालं, तर काही नाही म्हणाला आणि पुन्हा दुकानात येऊन बसला, तिथंही बसवेना. सिद्धेशचा बोटीवरून फोन आला; त्यानंही तेच सांगितलं, करून टाका म्हणून. आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा झोपतात त्या वेळी त्याने स्कूटर काढली.

गाडी अंगणात फणसाखाली उभी होती. इतकी स्वच्छ की बोनेटवर पानांच्या सावल्या दिसत होत्या. मामींनी पदराखालून दुसरी चावी काढून दिली आणि त्या दारात उभ्या राहिल्या. सगुणने स्टिअरिंगखाली मशीन जोडलं. मशीनला आत शिरू देण्याआधी थोडा वेळ ताटकळत ठेवायची या गाडीला खोड होती. मशीनच्या पडद्यावर ठिपके फिरत राहिले. त्याने तळहात पँटला पुसले. आजवर कितीतरी गाड्या त्याने अशा उघडल्या होत्या. आज मात्र आपण दुसऱ्याच्या घरात शिरलोय असं वाटत होतं.

“सगुण मरे तू?”

मामा मागच्या दाराने आले होते. बनियन, लुंगी, आणि हातात चावी. झोपतानाही ती त्यांच्या हातात असायची.

“होय मामा.”

“गाडयेक काय झाला?”

“काय नाय. सर्व्हिसिंग.”

मामा खूश झाले. वळसा घालून डाव्या बाजूच्या सीटवर येऊन बसले. मशीनकडे कौतुकाने बघत म्हणाले, “आमच्या ट्रकाक ह्या काय नव्हता. एक खिळो घातलो तरी चालू जायचो.” मग थोडं थांबून, “आज लोडिंग बंद काय रे? कोण दिसणा नाय.”

“आज बंद, मामा.”

“बरा. तुका पण इसावो.”

पडद्यावरचे ठिपके थांबले. जुन्या सगळ्या चाव्या पुसल्या गेल्या होत्या. सगुणने कपाटातली चावी लावली, मशीनने ती घेतली. मग पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: आणखी चावी आहे का?

“ही पण बघ,” मामांनी आपली चावी पुढे केली. “मदीच कदीतरी अडाकता.”

चावी हातात आली तेव्हा गरम होती. प्लास्टिकची मूठ अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाली होती. आता फक्त ती लावायची आणि हो म्हणायचं. मामांची चावी पुन्हा ओळखीची झाली असती. मामींना सांगता आलं असतं, जमलं नाही. सगुणने दाराकडे पाहिलं. मामी त्याच्याकडे बघत नव्हत्या. उंबऱ्यावर त्यांची नजर खिळली होती आणि एक हात दाराच्या चौकटीवर घट्ट होता.

त्याने ‘नाही’ दाबलं. मशीनने एक बारीक आवाज केला आणि काम संपलं.

“बरी आसा?” मामांनी विचारलं.

“बरी आसा, मामा.”

चावी परत घेऊन मामांनी ती लुंगीच्या कनवटीला लावली. सगुणने चहा घेतला नाही. घाई आहे म्हणाला आणि निघाला. अस्नोड्यापर्यंत स्कूटर कशी चालवली ते त्याला आठवेना.

त्यानंतर फोन वाजला की तो आधी नाव बघायचा. काम करताना तो फोन समोर ठेवायचा, मग उलटा ठेवायचा, मग खिशात. शेवटी मामींचा फोन आलाच. “हे तुका बोलयतत. गाडी चालू जायणा नाय म्हणतत.” त्यांच्या आवाजावरून मामा शेजारीच असावेत. सगुणने उद्या येतो सांगितलं, आणि तो उद्या उजाडला तेव्हा परवावर ढकललं. पण असं किती ढकलणार. एका सकाळी दुकान न उघडताच तो लाटंबार्स्याला गेला.

मामा अंगणात वाटच बघत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. बोनेट उघडं होतं आणि बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुऊन लख्ख केलेली होती.

“चाय ठेव गो,” त्यांनी मामींना सांगितलं. मामी आत गेल्या, तसं त्यांनी सगुणला गाडीत बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. “आता आयक.”

त्यांनी चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं, घुरघुरत राहिलं, पेटलं नाही.

“बॅटरी बरी आसा. स्टार्टर फिरता. पेट्रोलच्या पंपाचो आवाज येता. आणि हो दिवो बघ.” काट्यांच्या मधोमध चावीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकत होता. “हो पयलो लुकलुकत नव्हतो. गाडी बिघडाक नाय, सगुण. माका वळखणा नाय.”

चिप खराब झाली असेल, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते त्याने घरून निघतानाच तयार करून ठेवलं होतं. पण मामांचे डोळे आज स्वच्छ होते. ट्रकाशेजारी उभे राहायचे तेव्हाचे.

“तू केलंस?”

“होय मामा.”

“तिना सांगल्यान म्हणान?”

“होय.”

मामांनी चावी बंद केली. लाल दिवा विझला. मग विचारलं तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता.

“खरा सांग. मी कोणाक मारलंय?”

सगुणला क्षणभर अर्थच लागला नाही.

“माका याद नाय रवणा,” मामा म्हणाले. “पण घरात सगळी हळू बोलतत. शेवंती माका बघून पोराक आत घेता. सिद्धेश फोनार रडता. कायतरी झाला आसात, म्हणान चावी लपयली. मी इचारूक भियेतंय. इतकी वर्सां ट्रक चलयलो, कुत्र्याक पण लागाक दिलंय नाय. आता शेवटाक कोणाचा पोर गेला काय माझ्या हातान?”

“नाय मामा. कोणाक लागाक नाय.”

“शपथ?”

“शपथ. पुलार उलटे बाजून गेल्यात, पण कदंबाच्या डायवरान थांबयल्यान. कोणाक लागाच्या आधीच बंद केली गाडी.”

मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून खाली घेतले. त्यांचे खांदे उतरले. डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून इस्त्रीच्या शर्टावर पडू दिलं.

“मगे बरा केलंस,” ते म्हणाले. “आदीच करूक व्हया होता.”

आतून कपबशांचा आवाज आला. मामा घाईने वळले. “तिका सांगू नको माका कळला म्हणान. ती माझ्यासाठी खोटा बोलाक शिकली. तिका बरा नाय दिसाचा.” आणि मग सगुणच्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, “आणि ह्या बघ. उद्या माका ह्या सगळा याद रवात काय नाय, माका ठावक नाय. परत बोलयन तुका. गाडी चालू जायणा नाय म्हणान भांडान पण. तू ये. बोनेट उघड.”

“येयन, मामा.”

मामी चहा घेऊन आल्या, सोबत बशीत कडक पाव. त्या आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“एक पार्ट गेलो गो,” मामांनी सांगितलं. “भायरसून येवक व्हयो. वेळ लागतलो म्हणता.”

“लागात तर लागात,” मामी म्हणाल्या आणि त्यांनी कप पुढे केला.

मामांनी म्हटल्याप्रमाणेच झालं. फोन येत राहिले. कधी ते चिडलेले असायचे, कधी लोडिंगला उशीर होतोय म्हणायचे, आणि एकदोनदा सगुण बोनेट उघडून उभा राहिला तेव्हा हळूच त्याला म्हणाले, “पुरे आता, ती बघता.” सगुण जायचा. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी जायचा. त्याची चुळबूळ संपली नव्हती, पण तिला आता जायला एक जागा झाली होती.

पुढे मामींनीच सुचवलं. गाडी उभी राहून खराब होईल, दर रविवारी ती थोडी फिरवून आणशील का? सगुणने कपाटातली चावी घेतली. मामांना सांगितलं, दुरुस्तीनंतर ट्रायल घ्यायची आहे. ट्रायल म्हटल्यावर मामा आपणहून डाव्या बाजूला बसले. ट्रायल मेकॅनिकने घ्यायची असते, हा नियम त्यांना अजून ठाऊक होता.

त्या रविवारी ते साखळीवरून पाळीकडे निघाले. रस्ता मोकळा होता. पूर्वी इथे ट्रकांच्या रांगेमुळे समोरचं दिसायचं नाही, झाडांची पानं लाल असायची. आता पानं हिरवी होती. मामा काचेतून बघत होते. उतार लागला तेव्हा सगुणच्या लक्षात आलं, मामांचा उजवा पाय पुढे सरकला होता आणि वळण जवळ येताच त्यांनी तो खालच्या मॅटवर हळूच दाबला. तिथे काहीच नव्हतं. तरी पाय दाबलेला राहिला, वळण सरल्यावर उचलला गेला.

पुढच्या वळणाला सगुणने रस्त्याकडे कमी आणि त्या पायाकडे जास्त लक्ष ठेवलं. पाय मॅटवर टेकला, तसा त्याने ब्रेक दाबला. पाय उचलला, तसा सोडला. असं करत दोघांनी गाडी उतारावरून खाली आणली.