दर रविवारी दोन बादल्या

"जरा टॉर्च धर," हे म्हणाले आणि टाकीवरचं गोणपाट ओढलं.

मी एका हाताने टॉर्च धरला आणि दुसऱ्या हाताने पदर नाकावर दाबला. पाच वर्षं पडवीच्या कोपऱ्यात पडून राहिलेली चार फुटी काचेची टाकी. तळाला काळी पडलेली वाळू, वाळूत रुतलेले दगड, दगडांच्या भोकांत काय काय सुकून बसलेलं. त्यावर ह्यांनी मोठ्या हौसेने बादलीभर पाणी ओतलं आणि असा वास सुटला की समोरच्या घराच्या खिडक्या लागल्याचा आवाज मी ऐकला.

मी तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. पू, ओकाऱ्या, सडलेले पाय, सगळं ह्या हातांनी साफ केलं आणि घरी येऊन त्याच हातांनी भाकऱ्या थापल्या. किळस म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण ह्या टाकीची मला किळस येते, आणि ती वासामुळे नाही.

ह्यांचा जन्म गेला बर्फाच्या कारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यात. एकदा मुंबईला गेले असताना एका दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी बघितली आणि डोक्यात किडा शिरला. स्वतः पंप जोडले, स्वतः दिवे लावले. नारिंगी माशांची एक जोडी, प्रवाळाचे दोन-चार तुकडे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा, आणि एका दगडाला चिकटलेला बोटं हलवणारा तो प्राणी, ज्याला आम्ही फूल म्हणायचो. समुद्र आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि आळीतले लोक आमच्या पडवीत समुद्र बघायला यायचे. हे खुर्चीत बसून त्यांना माहिती सांगायचे.

इतका माशांचा लळा की मी बाजारातून बांगडे आणले की हे चपला घालून मागच्या दाराने बाहेर पडत. कापलेला मासा बघवत नाही, आतडी बघितली की पोटात ढवळतं म्हणे. आमटीत पडला की मात्र छान बघवत असे.

मग ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, कोल्हापूरला. जायच्या आधी ह्यांनी मालगुंडहून पिंपभर समुद्राचं पाणी टेम्पोत घालून आणलं. इथल्या बंदरातलं ह्यांना चालत नसे, त्यावर डिझेलचा तवंग असतो. स्वरूपला, आमच्या मुलाला, समोर उभं करून तीन तीनदा सांगितलं, "दर रविवारी दोन बादल्या काढायच्या, पिंपातल्या दोन बादल्या घालायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही." ऑपरेशननंतर ताप भरला आणि आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. मी ह्यांच्याजवळ, स्वरूप इथे एकटा.

परत आलो तेव्हा फाटकातच वास आला. आधी झिंगा मेला होता, मग फूल विरघळलं, शेवटी मासे. स्वरूपने कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी 'दोन बादल्या' असं लिहून ठेवलं होतं. ह्यांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, "लिहायला काय लागतं?"

तिथेच संपलं असतं तर एक वेळ ठीक. पण महिन्याभराने पालीची माणसं आमचं घर बघायला आली. मुलगी चांगली होती, स्वरूपला आवडली होती. तिच्या मामाने सहज रिकाम्या टाकीकडे बघून विचारलं, ह्यात काय होतं हो? आणि हे म्हणाले, "ह्याच्या ताब्यात जिता जीव देऊ नका. तीन आठवड्यांत सगळं मारून ठेवलंन."

स्वरूपच्या हातात चहाचा ट्रे होता. त्याने तो नीट स्टुलावर ठेवला, एक थेंब सांडला नाही, आणि आत गेला. मामा उगीच हसले. मी काय केलं? मी पोह्यांवर खोबरं घातलं.

पालीहून पुन्हा निरोप आला नाही. आठव्या दिवशी स्वरूप लोट्याला एका कंपनीत लागला. तिथेच खोली घेतली, तिथेच संस्कृती भेटली, लग्न रजिस्टर केल्यावर मला फोन आला. आता अडीच वर्षांची वेदिका आहे. तिने हे घर बघितलेलं नाही. फोन मला येतो, दर रविवारी सकाळी, आणि पहिला प्रश्न असतो, "एकटीच आहेस ना?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वेदिका फोनवर पुस्तकातला मासा दाखवत होती. "आजी, मासा. खराखुरा मासा पायजे." स्वरूप मागून म्हणाला, "बघू, येऊ एखाद्या रविवारी." हे दाराआडून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी गोणपाट निघालं.

हा माणूस पंप विकत आणेल, नळ्या जोडेल, वाळू सात पाण्यांनी धुवेल, पण पोराला एक फोन करणार नाही. मला किळस आहे ती ह्याची. माफी नावाची गोष्ट सोडून बाकी सगळं ह्यांना दुरुस्त करता येतं.

दोन महिने घरात पंपाची घरघर आणि कुजका वास. ह्यांनी दगड ब्रशने घासले. परसातलं तेच निळं पिंप पुन्हा टेम्पोत चढलं, मालगुंडच्या समुद्रावर जाऊन भरून आलं. मी उदबत्ती लावली तर धुराने पाणी बिघडेल म्हणून विझवायला लावली. हळूहळू पाणी निवळलं, वास गेला. मग ह्यांनी मुंबईहून पट्ट्यापट्ट्यांचा झिंगा मागवला आणि मालगुंडच्या खडकांवरून चार जिवंत शंख आणले. पुढच्या रविवारी येतो म्हणून स्वरूपने कळवलं होतं. मी रोज कॅलेंडर बघत होते.

टाकीत सोडले त्या संध्याकाळपर्यंत चारही शंख काचेवरून सुटून खाली पडले. सकाळी झिंगा उताणा, पाय थरथरताहेत. हे काचेला कपाळ टेकून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दगडच कुजलेत. त्याने तेव्हा जे सडवून ठेवलंन, ते अजून निघत नाही."

मी हातातली परात खाली ठेवली.

"अहो, हे वाक्य रविवारी त्याच्या कानावर गेलं ना, तर तो पुन्हा ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. आणि त्याच्या मागोमाग मीही जाईन. लोट्याला नर्सची कामं खूप असतात."

"मी काय खोटं बोलतोय?"

"ते मला माहीत नाही. पण बोलायचं नाही."

सगळं पाणी बदलून बघतो म्हणाले. टेम्पोवाल्याला बोलावलं, पिंप चढवलं. ह्या वेळी मीही पुढच्या सीटवर जाऊन बसले. घरात त्या मेल्या झिंग्यासोबत थांबायची इच्छा नव्हती.

मालगुंडला ह्यांच्या चुलतभावाचं, रावजींचं आगर आहे. सुपारी, नारळ, थोडी मिरी. घराच्या मागे लगेच किनारा. टेम्पो आगरात शिरला तसे रावजी काठी टेकत आले. पिंप खाली उतरलं. रावजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि काठीने ठोकून बघितलं.

"ह्ये तर माजं पिंप."

"तुझं कशावरून?" ह्यांनी विचारलं.

"माजं नायतर कुनाचं. पाच वरसं शोधतोय. मला वाटलं गडग्यापलीकडच्यांनी उचललंनी. त्यांच्याशी बोलनं सोडलंय मी."

मला हसू आलं. हे म्हणाले, "विहिरीजवळ पडलेलं होतं. ऑपरेशनच्या आधी मला जास्त पाणी न्यायचं होतं, कॅन पुरणार नव्हते. धुतलेलं दिसलं म्हणून घेतलं. तुला सांगायचं राहिलं."

"धुतलेलं असंल. पन ह्यात काय प्यायचं पानी भरू नको हां, अनिल. सुपारीवर माराचं मोरचूद आमी ह्यातच कालवीत व्हतो. मोरचूद नि चुना. कितीबी घासलास तरी जात नाय ता. आत हात घालून बग."

ह्यांनी आत हात घातला. तळाजवळच्या खाचेतून बोट फिरवून बाहेर काढलं. बोटावर निळसर हिरवी पूड होती. हे त्या बोटाकडे बघत राहिले आणि मग आगराच्या दगडी गडग्यावर बसले, तिथल्या शेवाळावर, पांढऱ्या लेंग्यानिशी.

"काय झालं? छातीत दुखतंय?" मी नाडी धरली.

"मोरचूद म्हणजे तांबं," हे म्हणाले. "झिंग्याला, शंखाला, फुलाला ते थोडंसुद्धा चालत नाही. मासे तेवढे काही दिवस काढतात. दगडांत मुरलं की वर्षानुवर्षं सुटत राहतं."

आधी झिंगा, मग फूल, शेवटी मासे. त्याच क्रमाने.

"म्हणजे तो दर रविवारी..." ह्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी केलं.

"दोन बादल्या. तुम्ही सांगितल्या तशा, मोजून. त्याने आळस केला असता तर सगळी जगली असती."

ते मी चवीने म्हणाले. पाच वर्षं असं काहीतरी म्हणायची वाट बघत होते. रावजी गडबडले आणि शहाळी आणायला गेले. आणि मग त्या आगरात, विहिरीपाशी, मला कोल्हापूरच्या दवाखान्याचा व्हरांडा आठवला.

आठवला असं म्हणणं खोटं आहे. विसरले कधी होते? दुसऱ्या रविवारी सकाळी स्वरूपचा फोन आला होता. "आई, पाणी घातलं की ते फूल मिटतं गं. दोन दोन दिवस उघडत नाही. आज घालू ना?" ह्यांना ताप होता, मी दोन रात्री झोपले नव्हते. मी म्हणाले, "बाबांनी सांगितलंय तेवढं कर. माझ्या डोक्याला ताप देऊ नको." तो "बरं" म्हणाला.

पालीची माणसं समोर बसली होती तेव्हा हे मला लख्ख माहीत होतं. पोराने हयगय केली नाही, पोराने विचारलं होतं, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर हे माझ्याकडे वळले असते, म्हणून मी खोबरं घालत राहिले. पाच वर्षं मी ह्यांची किळस करत आले आणि त्याआड माझी स्वतःची किळस झाकून ठेवली.

पिंप रावजींकडेच सोडून आम्ही परत आलो. घरी आल्यावर हे म्हणाले, "त्याचा नंबर लावून दे." ह्यांच्याकडे मुलाचा नंबर नव्हता. मी लावला आणि स्पीकर चालू केला, कारण कॉम्प्रेसरच्या आवाजाने ह्यांचे कान कधीच गेलेत.

"हॅलो. मी बोलतोय."

पलीकडून स्वरूप म्हणाला, "आईला काय झालं?"

"काही नाही. ती इथेच आहे." "तू दर रविवारी दोन बादल्या घालत होतास?"

"हो."

"एकदाही चुकला नाहीस?"

"नाही, बाबा. लिहून ठेवलं होतं."

"त्या पिंपात मोरचूद होतं. रावजीचं पिंप ते. मी न विचारता उचलून आणलं होतं. तू नाही मारलेस ते. मी मारले."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांच्या संसारात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. पण माणसाचा स्वभाव, तो लगेच डोकं वर काढतो.

"पण फूल मिटत असणार, ते तुला दिसलं नाही? कुणाला तरी विचारायचंस."

"विचारायला तेव्हा कोण होतं, बाबा," स्वरूप म्हणाला. "घरात मी एकटाच."

मला पाठीशी घातलं होतं त्याने. पाच वर्षं, घर सोडून, आवडलेली मुलगी सोडून, तो ते आपल्याच अंगावर घेऊन बसला होता. मी पुढे होऊन फोनजवळ तोंड नेलं.

"मला विचारलं होतंस तू."

"असू दे गं, आई."

"असू दे काय? मीच म्हणाले होते, घाल म्हणून. आणि ती माणसं आली तेव्हा तोंड शिवून बसले."

हे माझ्याकडे बघत होते. चिडतील असं वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं आणि मी बसले.

"रविवारी ये," हे फोनमध्ये म्हणाले. "टाकीत काही नाही. दगडसुद्धा टाकून देणार आहे. वेदिकाला दाखवायला काही नाही."

"टाकी रिकामी आहे?"

"रिकामी."

"मग येतो," स्वरूप म्हणाला.

रविवारी ते अकराच्या एसटीने आले. संस्कृती पाया पडली. वेदिकाने धुतलेल्या टाकीच्या काचेला नाक लावून आत बघितलं, पलीकडून तिला आजोबा दिसले, आणि ती त्यांच्याकडे बघून जीभ काढून पळाली. स्वरूप पडवीत उभा होता, पाहुण्यासारखा. मग आत स्वयंपाकघरात आला आणि त्याने पातेल्यावरचं झाकण उचललं. मी डाळिंब्यांची उसळ केली होती. त्या दिवशी ह्या घरात मासे करायचा मला धीर झाला नव्हता.

"आई, बांगडे नाही केलेस? पाच वर्षांनी आलोय."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला घातल्या. नेहमीसारखे मागच्या दाराने गेले. अर्ध्या तासाने आले ते बांगडे घेऊन, आणि पिशवी माझ्या हातात न देता परसात विळी घेऊन बसले.

पहिला बांगडा हातातून निसटला. दुसऱ्याचं पोट फाडताना त्यांनी मान फिरवली, ओठ घट्ट मिटले, घशाशी आलेलं परत गिळलं. बोटं आतड्यांत बुडाली होती. शर्टाच्या बाहीवर खवले उडाले होते. स्वरूप दारात येऊन उभा राहिला. "बाबा, राहू दे," म्हणाला, पण हे मान खाली घालून पुढचा मासा उचलत होते. मला ते काम पाच मिनिटांचं. मी तांब्यात पाणी घेऊन शेजारी उभी राहिले आणि त्यांच्या हातांवर ओतत राहिले. विळी मी मागितली नाही.