डबल बेल

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय, बोलणं, सगळं एका दुपारी गेलं. उरला डावा हात. त्या हातासाठी ठिणगीनं बसमध्ये असते तश्शी बेल बनवली.

ठिणगी हे नाव बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी तिनं प्लगमध्ये खिळा घातला होता. आता घराखालीच तिचं रिमोट-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. पलंगाला तिनं लाल बटण बसवलं, खिडकीतून तार खाली सोडली आणि घंटा दुकानात लावली. आवाज तीनदा बदलला. चौथ्यांदा हुबेहूब ‘टिंग’ झालं, तेव्हा तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाचे डोळे भरून आले. कामात पोरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. अकलेचं मात्र बोलायला नको.

कारण दुसऱ्या दिवसापासून, ती शटर वर करते न करते तोच बेल वाजायची. टिंग टिंग! ही दोन-दोन पायऱ्या गाळत वर. "काय हवंय, बाबा?" ते डाव्या हातानं जा जा करायचे. जेवून दुकान उघडलं की पुन्हा तेच. आठव्या दिवशी शटर उघडतानाच गिऱ्हाईक समोर उभं होतं, तेव्हा बेल वाजली आणि ठिणगीचं डोकं फिरलं. तिनं घंटेची तारच उपटली.

बाबांचा तो एकच आवाज होता. हे तिला ठाऊक होतं, तरीही दोन दिवस तिनं तार तशीच लोंबकळू दिली.

तिसऱ्या दिवशी बाबांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हरकाका भेटायला आले. हौसेनं त्यांनी बटण दाबलं. खाली काहीच वाजलं नाही.

"सेल संपले असतील," ठिणगी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो, सेलच. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

विषय बदलायला ती म्हणाली, "काका, मी शटर वर केलं रे केलं की हे दोनदाच का हो वाजवतात?"

"कंडक्टरची पोर ना तू?" काका हसले. "एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. शटर वर गेलं की तो सांगतोय, इकडे सगळं ठीक आहे, काढ गाडी. उभा जन्म मी ह्याच्या डबल बेलवर गाडी काढली, कधी मागं वळून बघितलं नाही."

ठिणगीला कुठून ठाऊक असणार? कॉलेजात मैत्रिणी हसतील म्हणून ती बाबांची बस मुद्दाम सोडून मागची धरायची.

काका गेल्यावर ती खाली जाऊन तार जोडून आली. दारातच उभी राहिली. पलंगाजवळ जायचं तोंड नव्हतं.

"बाबा, सेल नव्हते संपले. तार मी काढली होती." तिनं खाली बघितलं. "आणि तुमची बस कधी चुकायची नाही माझी. मीच सोडायचे. लाज वाटायची तुमची."

बाबांचा डावा हात बटणाकडे गेला. आता दोनदा वाजणार, आपल्याला जायला सांगणार, म्हणून ती वळलीसुद्धा.

खाली रिकाम्या दुकानात टिंग झालं. एकदाच.

ती चप्पल काढून त्यांच्या पायाशी बसली.