बार्जवरचा शनिवार

गाळ उपसणाऱ्या बार्जने ठरल्याच्या एक दिवस आधीच काम थांबवलं, म्हणून अकाइतीने सोमवारी कप्तानाला टोपभर पोके पाठवलं. पिकली केळी, वर नारळाचं घट्ट दूध, आणि तेही तिच्या हातचं. ऐतुताकी बेटावर असा मान पाद्र्यालाही रोज मिळत नाही. चांगुलपणा दिसला की अकाइती त्याची चौकशी करत बसत नसे. तिथेच ती फसली.

बंदराची वाट खोल करताना उपसलेल्या गाळाने शेजारची पोवळी मरू नयेत, म्हणून गावाने तिला देखरेखीवर नेमलं होतं. रोज सकाळी ती दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि किती हातांवर ती दिसेनाशी होते ते लिहायची. थाळी लवकर दिसेनाशी झाली की काम बंद. पण या आठवड्याची बंदी निराळी होती. नोव्हेंबरच्या पौर्णिमेनंतर पोवळी वर्षातून एकाच संध्याकाळी बीज सोडतात, नेमकी कोणत्या ते आधी सांगता येत नाही. तेव्हा पाण्यात गाळ असला, तर वर्षाचं पीक तळाशी गाडलं जायचं. म्हणून एकोणीस ते बावीस, मंगळवार ते शुक्रवार यंत्र बंद, असं तिनेच ठरवून दिलं होतं. तीन संध्याकाळी कोरड्या गेल्या होत्या. उरली शुक्रवारची.

आणि शुक्रवारी सकाळी ती नारळ खवत असताना बंदरातून यंत्राची घरघर आली.

तिचा धाकटा दीर तेरेपाई होडीपाशी जाळं सोडवत बसला होता. "काय वहिनी, टोप परत आणायला निघालात?"

"होडी काढ. तोंड नंतर चालव."

बार्जवर कप्तान डंकन कॉफी पीत होता. "बंदी संपली ना," तो म्हणाला. "बावीस काल झाली." त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. शनिवार, तेवीस.

अकाइतीने कॅलेंडर पाहिलं, कप्तानाला पाहिलं. बार्जचे हुकूम ऑकलंडच्या ऑफिसातून यायचे, त्यामुळे तारखाही तिथल्याच, आणि तारीखरेषेपलीकडचं ऑकलंड बेटाच्या एक दिवस पुढे. रविवार तेवढा गावाचा पाळत, कारण त्या दिवशी यंत्र लावलं असतं तर पाद्र्याने बार्जच उपसून टाकली असती.

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली.

"ऑकलंडला शनिवार आहे."

"मग पोवळी काय ऑकलंडला आहेत?"

तेरेपाई फिदीफिदी हसला. अकाइतीच्या डोक्यात मात्र दुसराच प्रकाश पडला. "म्हणजे सोमवारी तुम्ही आधी थांबलात, ते…"

"आमचा मंगळवार होता. हुकमाप्रमाणे थांबलो."

"आणि मी पोके पाठवलं."

"फार छान होतं," डंकन म्हणाला. तो मनापासून बोलत होता, हेच तिला जास्त झोंबलं.

"पण आता पुन्हा बंद केलं तर ऑफिस माझं डोकं खाईल," तो म्हणाला.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी भांडण्यात अर्थ नव्हता. तिने थाळीची दोरी त्याच्याच हातात दिली. "सोडा. तुम्हीच मोजा."

काल वीस हातांवर दिसणारी थाळी सहाव्या हाताला नाहीशी झाली. डंकनने पुन्हा मोजलं. सहाच. तो आत गेला आणि घरघर थांबली.

दुपारभर अकाइती होडीत थाळी घेऊन बसली. आठ हात. दहा. मग ओहोटी लागली आणि गढूळ पाणी पोवळ्यांच्या कड्यातल्या खिंडीतून बाहेर समुद्रात निघालं. चौदा. ती देवालाही विनवत होती आणि ओहोटीलाही. सूर्य टेकायला थाळी अठराव्या हातापर्यंत गेली.

तिन्हीसांजेला डंकन पाणबुड्याचा मुखवटा लावून तिच्याबरोबर पाण्यात उतरला. बॅटरीच्या उजेडात पोवळी गपगार होती. मग एका फांदीतून मोहरीएवढा गुलाबी दाणा सुटला. मग दुसरा. मग शेजारच्या, पलीकडच्या, सगळ्याच पोवळ्यांनी एकदम दाणे सोडले आणि ते हळूहळू वर चढू लागले. तिच्या केसांत, त्याच्या दाढीत, सगळीकडे तेच. अकाइती वर आली तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. इतका आनंद तिला याआधी थोरल्या नातीच्या जन्मालाच झाला होता.

"वहिनी, तुमचा चेहरा गुलाबी झालाय," होडीतून तेरेपाई म्हणाला. "आणि हा केव्हाचा वाजतोय." त्याने डंकनचा फोन पुढे केला.

ऑफिसच होतं. शनिवारी यंत्र का बंद, असं विचारत होतं.

डंकनने दाढीतला एक दाणा अलगद बोटावर घेऊन पाण्यात सोडला.

"साहेब," तो म्हणाला, "इथे अजून शुक्रवार आहे." आणि फोन तेरेपाईकडे टाकून त्याने पुन्हा बुडी मारली.